बियाण्याला नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, रत्नागिरीहून शिरगाव, काळबादेवी करत गणपतीपुळ्याकडे निघालात की आरे-वारेचा चढ लागतो. वर आल्याबरोबर सगळ्या गाड्या थांबतात. खाली निळा समुद्र, पांढरी वाळू, सुरूचं बन. मग फोटो काढायची एकच झुंबड उडते. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे आणि पाठ गावाकडे. त्या पाठीमागेच भाताच्या कुणग्या असतात, चिंचोळ्या आणि पायरीपायरीच्या. तिकडे कुणी फारसं बघत नाही.

मागे एकदा नवरात्र संपता संपता मी त्या बाजूला गेले होते. भात पिवळं पडलं होतं, कापणी दोन दिवसांवर आली होती. बांधावर एक काकी एकट्याच उभ्या. कमरेला पदर खोचलेला, हातात विळा, पण कापणी सुरू नव्हती. सावकाश चालत त्या मधूनच एखादी लोंबी निवडायच्या, बोटांत फिरवून बघायच्या आणि कापून डाव्या हातातल्या जुडीत घालायच्या. मी विचारलं, "काकी, हे काय करताय?" त्या हसून म्हणाल्या, "बियाणं काढतंय गो. उद्या माणसं कापायला आली की सगळं एकात एक होतं. आधीच बघून ठेवायला लागतं."

"कसं ओळखता चांगलं कुठलं ते?"

"त्यात काय ओळखायचंय? भरलेली लोंबी, सरळ काडी, दाणा एकसारखा. माझी सासू असंच करायची."

मी घरी आले, पण ते "त्यात काय ओळखायचंय" माझ्या डोक्यातून जाईना. कारण नेमकं हेच काम करून आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्यानं भाताचं असं वाण दिलं, की ते पाच-सहा राज्यांत पोचलं. एचएमटी तांदूळ तुमच्यापैकी कितीतरी जणींनी वाण्याकडून आणला असेल. बारीक दाण्याचा, मऊ शिजणारा, रोजच्या वरणभाताला चालणारा. पण तो तयार करणाऱ्या माणसाचं नाव किती जणींना सांगता येईल?

त्यांचं नाव दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड. मराठवाड्यातलं शहर नव्हे बरं का, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं लहानसं खेडं. दलित कुटुंबात जन्म, शिक्षण जेमतेम, जमीन दीड एकर. घरात ना कुणी कृषी पदवीधर, ना सूक्ष्मदर्शक. होते ते फक्त डोळे.

1983 सालची गोष्ट. दादाजींच्या शेतात 'पटेल-3' नावाचं भात उभं होतं. त्यात काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. रंग पिवळसर, दाणा निराळा. दुसरा कुणी असता तर त्या लोंब्या इतर भातात मिसळून मळल्या असत्या आणि डब्यात जाऊन शिजल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात एका छोट्याशा तुकड्यात वेगळ्या लावल्या. रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काट्या लावल्या. पीक आलं, त्यातलं चांगलं निवडलं, पुन्हा लावलं. असं एक-दोन नव्हे, लागोपाठ कितीतरी वर्षं. दरवर्षी वेगळं दिसणारं रोप उपटून टाकायचं, हवं तेच ठेवायचं. शेवटी दाणा एकसारखा झाला, वाण स्थिर झालं.

हे कसं घडतं ते थोडक्यात सांगते. भाताच्या फुलात पराग आणि बीजकोश एकत्रच असतात. त्यामुळे भात बहुतेक वेळा स्वतःच स्वतःचं बी धरतं, शेजारच्या रोपाचा पराग त्यात क्वचितच येतो. म्हणून एखाद्या रोपात निसर्गानंच काही वेगळं घडवलं असेल, तर ते वेगळेपण पुढच्या पिढ्यांत टिकवणं आपल्या हातात असतं. अट एकच. ते वेगळं ओळखायचं, वेगळं लावायचं आणि त्यात भेसळ होऊ द्यायची नाही. शास्त्रज्ञ याला निवड पद्धत म्हणतात. आरे-वारेच्या काकी याला "बियाणं काढणं" म्हणतात.

दादाजींनी हे भात विकायला नेलं, तेव्हा त्याला नावच नव्हतं. त्या काळात एचएमटीच्या घड्याळांची मोठी चलती होती. लग्नात जावयाच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ असलं की पाहुणे वाकून बघायचे. एका व्यापाऱ्यानं या नव्या भातालाही तेच नाव देऊन टाकलं, एचएमटी! बियाणं या शेतातून त्या शेतात, या गावातून त्या गावात गेलं. विदर्भ ओलांडून छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटकापर्यंत पोचलं. बाजारात चांगला भाव मिळायला लागला. आणि दादाजी? ते दीड एकरातच राहिले.

1994 साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही इथल्या भात संशोधन केंद्रानं त्यांच्याकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणं नेलं. 1998 मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' या नावानं विद्यापीठाचं वाण प्रसारित झालं. त्यात दादाजींचं नाव नव्हतं. विद्यापीठाचं म्हणणं असं, की आम्ही बियाणं शुद्ध केलं, चाचण्या घेतल्या. हे काम लहान नाही, हे आधीच सांगून टाकते. शुद्धीकरण, वेगवेगळ्या जमिनींतल्या चाचण्या, रोग-किडीची पाहणी एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही. आपल्या शिरगावच्या कृषी संशोधन केंद्रानं 'रत्नागिरी-1', 'रत्नागिरी-24' अशी वाणं दिली म्हणून कोकणातल्या कितीतरी घरांतला डबा भरलेला राहिला, हे विसरून कसं चालेल? प्रश्न विद्यापीठानं काम केलं की नाही हा नाहीच. प्रश्न एवढाच आहे, की ज्याच्या कणगीतून पाच किलो नेलं, त्याचं नाव कागदावर लिहायला किती शाई लागली असती?

नाव मिळालं, पण उशिरा आणि बाहेरून. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचं काम पुढे आणलं. 2005 साली राष्ट्रपती डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. 2010 मध्ये 'फोर्ब्ज' मासिकानं ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांना घेतलं. दादाजी एचएमटीवर थांबले नव्हते. नांदेड-92, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके अशी एकामागोमाग एक वाणं त्यांनी काढली. 'डीआरके' म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे. एका वाणावर व्यापाऱ्यानं घड्याळाचं नाव घातलं, दुसऱ्यावर विद्यापीठानं आपलं. मग या माणसानं एका वाणावर स्वतःच्या नावाची तीन अक्षरं कोरली, यात नवल ते काय!

पण सन्मानपत्रं भिंतीवर आणि चूल रिकामी, ही आपल्याकडची जुनीच गोष्ट. शेवटची वर्षं आजारपणात आणि ओढगस्तीत गेली. अर्धांगवायूनं ते अंथरुणाला खिळले. 3 जून 2018 रोजी गडचिरोलीतल्या शोधग्राम इथल्या दवाखान्यात त्यांनी डोळे मिटले. जूनचा पहिला आठवडा, मृगाची चाहूल लागलेली. विदर्भातले आणि विदर्भाबाहेरचे हजारो शेतकरी तेव्हा त्यांच्याच भाताची पेरणी करायच्या तयारीत असतील.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं वाईट झालं खरं, पण बायकांच्या पुरवणीत कशाला? शेतीचं पान वेगळं असतं की!

त्याचंच उत्तर द्यायला मी आज लिहायला बसले आहे. दादाजींचं नाव निदान उशिरा तरी मिळालं. ज्यांचं नाव कधीच मिळालं नाही, अशा बायका घराघरांत आहेत. बियाणं निवडणं, उन्हात वाळवणं, पाखडणं, राखेत घोळवणं, निरगुडीचा नाहीतर कडुनिंबाचा पाला घालून ठेवणं, मुडी बांधून माळ्यावर चढवणं, पावसात ओल लागली का ते बघणं, ही कामं कोकणात बऱ्याच घरांत बाईच्या वाट्याची. कुठल्या कुणगीला कुठलं भात सोसतं, कुठलं पेजेला चांगलं, कुठल्याचे घावणे फाटत नाहीत, कुठल्या भाताचा पेंढा गुरं आवडीनं खातात, हे तिला विचारावं. पुरुष पोत्याचा भाव सांगेल, बाई दाण्याचा स्वभाव सांगेल. तरी सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, सोसायटीच्या सभेला तिला बोलावणं नसतं. कृषी खात्याचा माणूस आला की ओटीवरून विचारतो, "घरात कोण आहे का?" आणि ती आतून उत्तर देते, "कोणी नाहीत हो, बाहेर गेलेत!" म्हणजे आपणच आपल्याला 'कोणी नाही' म्हणून मोकळ्या होतो.

आपल्या हापूसचंच बघा. हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सरदारावरून आलं, असं मानतात. चारशे-पाचशे वर्षं झाली, त्या सरदाराचं नाव आपण रोज घेतोय, आंबा खाताना तर मिटक्या मारत घेतोय! पण ज्या हातांनी पहिलं कलम बांधलं, फांदीला फांदी जोडून सुंभानं आवळली, रोज पाणी घातलं, ते हात कुणाचे? कुणाला ठाऊक नाही. नाव मोठ्याचं लागतं, हात लहानाचे असतात.

पण हे बदलता येतं, आणि बदललंही आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत असतील. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या या आदिवासी बाईनं शाळेची पायरी चढलेली नाही. पण गावरान बियाणं जपायचं मनावर घेतलं आणि घरात बियाण्यांची बँक उभी केली. भात, वाल, घेवडे, भाज्या, कशाकशाचं बी त्यांनी राखलं आणि इतर बायकांना वाटलं. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणतात. 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. बियाणं जपणाऱ्या बाईला देशानं नावानिशी ओळखलं. आपल्या जिल्ह्यातही गुहागर तालुक्यातल्या आबलोलीचे शेतकरी सचिन कारेकर यांच्या हळदीच्या 'एसके-4' वाणाला नाव मिळालं आहे. म्हणजे लाल मातीत हे होत नाही, असं म्हणायची सोय नाही.

कायदाही आता आपल्या बाजूनं आहे. 2001 साली देशात पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. त्यात शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क आहे. दुसऱ्याच्या नोंदणी झालेल्या वाणाचं बी त्या नावाच्या छापील पिशवीत भरून विकायचं नाही, एवढीच मोठी मर्यादा. शिवाय एकट्या शेतकऱ्याला, शेतकऱ्यांच्या गटाला किंवा सबंध समाजाला आपलं वाण स्वतःच्या नावानं नोंदवता येतं. 'गटाला' हा शब्द नीट वाचा. आपला बचत गट हाही गटच की! पापड-लोणच्यांच्या पलीकडे, गावातलं जुनं भात, एखादा वाल, एखादी चवळी असं काही वेगळं असेल, तर त्याची नोंद गटाच्या नावानं करता येईल का, हे आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारायला काय हरकत आहे? विचारायला पैसे पडत नाहीत.

इथे एक शंका मनात येते, ती मोकळेपणानं मांडते. दादाजींनी पहिल्याच वर्षी बियाणं कुलुपात घातलं असतं, तर ते श्रीमंत झाले असते का? असतीलही. पण मग ते बियाणं गरिबाच्या शेतात पोचलं नसतं. आपल्याकडे बियाणं मागितलं तर नाही म्हणू नये, अशी रीत आहे. शेजारणीनं सुपात घेऊन जावं आणि पुढच्या वर्षी तेवढंच परत आणून द्यावं. ही रीत मोडावी असं मला मुळीच वाटत नाही. देण्यातच बियाण्याचं आयुष्य आहे. एकाच घरात ठेवलेलं बी एखाद्या पुरात, एखाद्या आजारपणात संपून जातं. दहा घरांत असलं तर कुठे ना कुठे उरतं. पण द्यायचं म्हणजे आपलं नाव पुसून द्यायचं, असं कुठे आहे? आपण एखादीला लोणच्याची कृती देतो, तेव्हा ती चार जणींत सांगते ना, "ही आमच्या वहिनींची कृती हं!" वहिनींना काही पैसे मिळत नाहीत, पण मान मिळतो. बियाण्याचंही तसंच व्हावं. ज्यांनी त्यावर पैसे मिळवले, त्यांनी तर मानाबरोबर वाटाही द्यायला हवा. कायद्यात त्याची तरतूद आहे. ती अंमलात यावी म्हणून आपण तोंड उघडलं पाहिजे.

जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणत नाही. काही जुनी भातं उंच वाढून वाऱ्यापावसात आडवी पडतात, उतारा कमी देतात. घरात खाणारी तोंडं जास्त असली की सुधारित बी घ्यावंच लागतं, त्यात कमीपणा नाही. पण सगळी कुणगी नव्या बियाण्याखाली घालताना एक कोपरा, अगदी पाच-सहा हातांचा, आपल्या जुन्या भातासाठी राखावा. दादाजींचा पहिला तुकडा तरी केवढा होता? आज आरे-वारेच्या आसपास काय, कोकणात सगळीकडेच जमिनी विकल्या जातायत, मुलं मुंबईला आहेत, लावणीला माणसं मिळत नाहीत. एक वर्ष शेत पडीक राहिलं की मुडीतलं बी जुनं होतं. दोन-तीन वर्षं राहिलं की ते उगवेनासं होतं. मग पैसे मोजूनही ते परत मिळत नाही.

म्हणून पुढच्या हंगामासाठी चार गोष्टी करून बघा. कापणीच्या आधी एकदा शेतात फेरी मारा. भरलेल्या, निरोगी, एकसारख्या लोंब्या वेगळ्या काढा. एखादी लोंबी फारच निराळी आणि चांगली दिसली तर ती या जुडीत मिसळू नका, तिची पुरचुंडी वेगळी ठेवा. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगणारं पोचट बी काढून टाका, तळाला बसलेलं स्वच्छ पाण्यानं दोनदा धुऊन सावलीत सुकवा. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, ऐंशी किंवा जास्त उगवले तर बी चांगलं समजा. आणि चौथी गोष्ट सगळ्यात सोपी, पण आपण करत नाही ती. मुडीला किंवा डब्याला एक चिठ्ठी बांधा. भाताचं नाव, साल, कुठल्या कुणगीतलं, आणि कुणी निवडलं तिचं नाव. तुमचं नाव, सासूबाईंचं नाव. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. त्या निमित्तानं तिलाही कळेल, की आजी नुसती भात रांधत नव्हती, भात घडवत होती.

आश्विनातल्या नव्याच्या पौर्णिमेला आपण नवं भात घरात आणतो, लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला बांधतो. दाराला बांधलेलं ते नवं वर्षभर आल्यागेल्याला सांगत राहतं, की या घरात धान्य पिकलं. पुढच्या पौर्णिमेला तुमच्या दारात ते बांधाल, तेव्हा घरातल्या लेकीसुनांना उभं करून एकदा मोठ्यानं सांगा, हे बी कुणी निवडलं ते.

मी त्या काकींना निघताना विचारलं होतं, "तुमच्या भाताचं नाव काय हो?" त्यांनी सांगितलं. मग मी विचारलं, "आणि तुमचं?" त्या लाजल्या, विळा या हातातून त्या हातात घेतला, म्हणाल्या, "माझं कशाला गो? मला कोण विचारतंय?"

मैत्रिणींनो, आपण विचारायला लागू या.